गॅलरीत कळलावी लावावी की रानहळद?

दोन्ही आपल्याच सह्याद्रीतल्या, दोन्ही कंदवाल्या. पावसाळ्यात उगवतात, हिवाळ्यात वरून पार वाळतात. तरी एकच कुंडी रिकामी असलेल्या मैत्रिणीला निवड करायचीच आहे.

उन्हाचं आधी बघा. कळलावी रानात कुंपणावर, झुडपांवर चढून ऊन गाठते. पानाचं टोकच वळून आधाराला गुंडाळतं, त्यामुळे जाळी किंवा काठ्या हव्यातच. रानहळद झाडांच्या सावलीतली. सकाळचं कोवळं ऊन तिला पुरतं, आधार लागत नाही.

पाणी साचलं की दोघींचे कंद कुजतात. पानं पिवळी पडली की पाणी कमी करत बंद करायचं आणि कुंडी कोरडी ठेवायची. मेलं समजून फेकू नका.

लावणीत कळलावी नाजूक. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टोकाचा कोंब मोडला की तो सहसा उगवत नाही. बी लावलं तर फुलायला काही वर्षं जातात. रानहळदीचा गड्डा मात्र फुटवे देत वाढतो.

फुलांत कळलावीला तोड नाही: पाकळ्या हिरवट-पिवळ्या उमलतात आणि लाल होत जातात. रानहळदीची खरी फुलं पिवळी, डोक्यावर जांभळट-गुलाबी तुरा.

पण कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंद खाल्ल्यास जीव जाऊ शकतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल, किंवा गॅलरी सावलीची असेल, तर रानहळदच. मोठ्यांचं घर, भरपूर ऊन आणि जाळी असेल तर कळलावी. कंद मात्र रोपवाटिकेतूनच आणा, रानातून उपटून नको.