टेस्ट प्रिंट ए-फोरवरच का काढला?

इंक टँकचं जुनं किट एका प्रिंटरवरून काढायचं, धुऊनपुसून घ्यायचं आणि दुसऱ्या मॉडेलला ‘नवीन’ म्हणून बसवून द्यायचं, हा धंदा आमच्या भागात सध्या जोरात आहे. माझे त्यात साडेतीन हजार गेले, आणि वर प्रिंटरचं हेडही, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, गेलं. फोटो स्टुडिओवाले, झेरॉक्सवाले, मगांवर आणि टी-शर्टवर छापणारे, अशा सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एप्सन कंपनीचा 1390 हा प्रिंटर आहे. सहा रंगांचा, 13 बाय 19 इंचांपर्यंतचा कागद घेणारा. मॉडेल जुनं झालं, पण शाळांच्या वर्गांचे 12 बाय 18चे ग्रुप फोटो त्याच्यावर छान निघतात, म्हणून जपून वापरत होते. कंपनीची कार्ट्रिज या कामाला परवडत नाहीत. त्यामुळे बहुतेकांसारख्या माझ्याही प्रिंटरला बाहेरून टाक्या होत्या: बाजूला सहा रंगांच्या टाक्या, तिथून आत जाणारा नळ्यांचा पट्टा आणि कार्ट्रिजच्या जागी चिप लावलेले डबे. नळ्या कडक होऊन चिरायला लागल्या, तेव्हा आजूबाजूच्या दुकानांत येणाऱ्या एका टेक्निशियनला नवीन किट सांगितलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सीलबंद खोक्याचा फोटो पाठवला, खाली ‘1390 नवीन किट’ असं लिहून. प्रत्यक्षात आला तो पिशवीतून सुटं किट घेऊन. म्हणे, “खोका फुटला होता ताई, माल तोच आहे.” बिल मागितलं, तर म्हणाला जीएसटीचे 18 टक्के वर लागतील आणि बिल नंतर पाठवतो. पैसे मी यूपीआयवर दिले.

आता यातली गोम अशी की त्याने बसवलेलं किट टी 60चं होतं आणि ते 1390ला व्यवस्थित बसतं. टी 60 हा ए-फोर प्रिंटर, त्यालाही सहाच रंग. आपल्याकडे दोन्ही प्रिंटरना 85 एन हेच कार्ट्रिज चालतं. म्हणजे डबे खटकन बसणार, चिप वाचली जाणार, दिवे हिरवे होणार. टी 60 एके काळी गल्लोगल्ली होते. पुढे कंपनीनेच टाक्यांसकट एल 800 बाजारात आणला आणि जुने टी 60 एकेक करून भंगारात गेले. त्यांच्यावर लावलेली किटं मात्र टेक्निशियन लोकांकडे साठून राहिली. वापरलेल्या टाक्या, नळ्या पुन्हा वापरण्यात तसं गैर काही नाही. टाकी म्हणजे शेवटी प्लास्टिकचा डबा. “जुनं आहे, साफ करून लावतो, आठशे द्या,” असं तो म्हणाला असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. अशी माणसं पूर्ण खोटं बोलत नाहीत. बसतं, चालतं, युनिव्हर्सल आहे, यातला प्रत्येक शब्द निम्मा खरा असतो आणि पैसे उरलेल्या निम्म्यात जातात.

इथे ते उरलेलं निम्मं काय, तर नळीची लांबी. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, 13 बाय 19चा कागद 329 मिलिमीटर. म्हणजे 1390मध्ये हेडची गाडी डावीकडे जवळजवळ 12 सेंटिमीटर जास्त जाते आणि तेवढा ढिला पट्टा मागे लागतो. टी 60च्या किटमध्ये तो नसतो. त्याने माझ्यासमोर टेस्ट प्रिंट काढला तो ए-फोरच्या साध्या कागदावर. नोझल चेकच्या, म्हणजे हेडची शाई सोडणारी भोकं चालू आहेत का ते दाखवणाऱ्या नमुन्याच्या, सगळ्या पायऱ्या अखंड, रंग जरा मळकट. “साधा कागद आहे ना ताई, फोटो पेपरवर उठून दिसेल.” दुसऱ्या दिवशी मोठा कागद लावल्यावर गाडी डावीकडे गेली, पट्टा ताठ झाला, कट्ट आवाज आला आणि दिवे लुकलुकायला लागले.

बोलावल्यावर तो लगेच आला, हे मुद्दाम सांगते. फसवणारा माणूस फोन उचलत नाही असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हा हसतमुखाने आला, पट्टा मधोमध कापला, प्लास्टिकच्या बारीक जोडण्या घालून सहाही नळ्या वाढवल्या, वर पट्टी चिकटवली आणि “कंपनीचाच पट्टा थोडा आखूड येतो” असं सांगून दोनशे रुपये घेऊन गेला.

हा जोड पहिल्या चुकीपेक्षा वाईट ठरला. टाक्या हेडपेक्षा थोड्या खालच्या पातळीवर ठेवाव्या लागतात. वर ठेवल्या तर शाई हेडमधून गळते. त्यामुळे नळीतली शाई कायम किंचित खाली ओढलेली असते. अशा नळीचा जोड सैल असला तर शाई बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून बोट फिरवलं तर जोड कोरडाच लागतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. माझ्याकडे सकाळी पहिल्या प्रिंटला किरमिजी रंगाच्या रेघा गायब असायच्या. हेड क्लीनिंग केलं, म्हणजे प्रिंटरला हेडमधून शाई ओढून भोकं साफ करायला लावलं, की यायच्या आणि दुपारी पुन्हा जायच्या. क्लीनिंगची सगळी शाई खालच्या इंक पॅडमध्ये, म्हणजे शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो आणि पॅड भरलं की चालायचा थांबतो. तोही खर्च पुढे उभा राहिला.

चेहरे मात्र मळकटच येत होते, फोटो पेपरवरसुद्धा. माझा एक मावसभाऊ मगांवर फोटो छापतो. त्याने तो साध्या कागदावरचा पहिला टेस्ट प्रिंट मागितला, आईच्या जुन्या पॉलिस्टर ओढणीवर पालथा ठेवला आणि त्यावरून कडक तापलेली इस्त्री दाबून धरली. कागद उचलला तर ओढणीवर सगळ्या रंगांचे पट्टे उमटले होते, कागदावर होते त्यापेक्षा कितीतरी भडक. फोटोची साधी डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, असं कधीच करत नाही. ती सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने कागदावरून मगावर किंवा कापडावर उतरणारी शाई होती. म्हणजे हे किट आधी मगांच्या कामाला लागलेलं होतं आणि आत उरलेल्या शाईवरच माझी फोटोची शाई ओतली गेली. सब्लिमेशनच्या शाईतला रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. त्यात भलतीच शाई मिसळली की कण गोळा व्हायची भीती असते. नळीचा एक कोपरा कापून पाहिला तर आतून तपकिरी खरपुडी निघाली. किरमिजीच्या नोझल त्यानंतर उघडल्याच नाहीत. या प्रिंटरचं हेड कार्ट्रिजवर नसतं, मशीनमध्येच असतं. बदलायचं तर माझ्या जुन्या प्रिंटरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे सांगतात.

हे सगळं समोर ठेवल्यावर त्याचा सूर बदलला. आधी “शाई तुम्ही लोकल भरली असेल”, मग “तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक मंच तुमचं ऐकत नाही”. हे दुसरं वाक्य ऐकून बरेच दुकानदार गप्प बसतात, म्हणून सांगते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. नवराबायको मिळून चालवतो त्या स्टुडिओचा प्रिंटर त्यात बसतो, असं मला वकिलांनी सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरून आधी सल्ला मिळतो. बिल नसलं तरी खोक्याचा तो फोटो, त्याखालचे तीन शब्द आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. तक्रार दाखल केली आहे, तारीख लागायची आहे.

तोवर ज्यांना किट बसवून घ्यायचंय त्यांनी शाई भरण्याआधी नळ्या उजेडात धरून बघाव्यात. नव्या नळीत, विशेषतः कोपऱ्यांत आणि डब्याच्या तोंडाशी, रंगाचा मागमूस नसतो. पिवळ्या रंगाची नळी आधी बघा, जुना डाग तिथे सगळ्यात लवकर दिसतो. पैसे देण्यापूर्वी प्रिंटर घेतो तो सगळ्यात मोठा कागद लावून पानभर प्रिंट काढायला सांगा. कागद नसेल तर थांबायला सांगा, आणून द्या. रात्रभर प्रिंटर बंद ठेवून सकाळी क्लीनिंग न करता नोझल चेक काढा. आणि जोड दिलेला पट्टा आधीच बसवून घेतला असेल, तर रोज क्लीनिंग मारत बसू नका. नळ्या एकसंध घालून घ्या, दोन-तीनशे रुपयांत सहा नळ्यांचा पट्टा मीटरवर मिळतो.