साईट हलवायची की ट्यूनिंग करायचं? (रिकर्व्ह धनुष्याने तिरंदाजी करणाऱ्यांसाठी)

बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसत नाहीत म्हटलं की हात लगेच साईटकडे (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) जातो, पण आधी ग्रुप, म्हणजे बाण कुठे आणि किती जवळजवळ लागतायत ते, बघा ना. सहाही बाण डावीकडे निळ्यात चिकटून लागतायत तर साईटच हलवायची, आणि जिकडे बाण तिकडेच साईटची पिन, डावीकडे गेले तर डावीकडे, खाली गेले तर खाली. दोन-चार क्लिक, परत सहा बाण, झालं काम.

पण बाण टार्गेटभर पसरलेत तर साईट कितीही फिरवा, 70 मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटीमीटरचं, तिथे नशिबावर किती लागणार. तेव्हा ट्यूनिंग, म्हणजे धनुष्य बाणाला जुळवणं, आणि त्यासाठी बेअर शाफ्टच, म्हणजे बिनपिसांचा बाण मारून बघणं. 18 मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचा एक असे मारा, उजव्या हाताने मारणाऱ्याचा बिनपिसांचा बाण ग्रुपच्या डावीकडे गेला तर शाफ्ट (बाणाची दांडी) ताठ पडतोय, प्लंजरची (धनुष्यावर बाण बाजूने टेकतो ते स्प्रिंगचं बटण) स्प्रिंग जरा नरम करा, वर गेला तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली आहे, किंचित वर घ्या. एकावेळी एकच गोष्ट बदला प्लीज!

नवीन पोरापोरींनी मात्र ट्यूनिंगच्या नादी लागू नये असं मला मनापासून वाटतं, रिलीज (दोरी सोडणं) दरवेळी वेगळा असेल तर बेअर शाफ्टही दरवेळी वेगळंच सांगणार, आधी अँकर (दोरी ओढून हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) पक्का करा. आणि प्लंजर बदललात की साईट परत लावावी लागतेच.