काकांचा डेस्कटॉप: विंडोज ११ की मिंट?
इंदूरला रामबागेत काकांचा जुना डेस्कटॉप आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आता काय टाकायचं?

विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते यात नाही. टॅलीवर (विंडोजसाठीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) काकांचे हिशेब असते, तर मी नवं मशीनच घ्यायला लावलं असतं.

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची मोफत सिस्टिम) मात्र ४ जीबी रॅमवर सुखाने चालतो. पॅनेल (मेनूची खालची पट्टी) वर, बाजूला, हवं तिकडे न्या. काकांनी वॉलपेपरला राजवाडा लावलाय! फायरवॉल (नेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी सोय) विंडोजमध्ये सुरूच असते, मिंटमध्ये मात्र मुळात बंद. आधी ती चालू करा. मग मिंटमधल्या टाइमशिफ्ट प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (सिस्टिमची आत्ताची प्रत) घ्या, म्हणजे अपडेट बिघडलं तरी मागे जाता येतं. घरचे फोटो त्यात आपोआप येत नाहीत. ते वेगळ्या डिस्कवर ठेवा.