कम्प्लिशन बाँड: फी वसूल होते ती कॉस्ट रिपोर्टमध्ये

वितरकाचा करार हातात असतो, बँक त्यावर कर्ज द्यायला तयार असते. पण वितरक पैसे देणार ते चित्रपट पुरा होऊन ताब्यात आल्यावर. मध्येच काम अडलं तर बँकेने काय करायचं? कम्प्लिशन बाँडची सेवा, म्हणजे चित्रपट पुरा होऊन वितरकाच्या ताब्यात जाईल अशी फी घेऊन दिलेली हमी, उभी आहे ती या प्रश्नावर.

१९५० साली लंडनमध्ये रॉबर्ट गॅरेट यांनी फिल्म फायनान्सेस ही कंपनी काढली. तेव्हा ब्रिटनमध्ये वितरकाच्या हमीवर बँक बजेटच्या सुमारे ७० टक्के द्यायची. उरलेल्या ३० टक्क्यांसाठी निर्माते बऱ्याचदा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेकडे जायचे. पण १०० चं बजेट ११५ वर गेलं तर वरचे १५ कोणाचे? ही जोखीम कंपनीने फी घेऊन उचलली.

आज फी साधारण बजेटच्या २ ते ३ टक्के पडते, शिवाय १० टक्के कंटिन्जन्सी (अनपेक्षित खर्चासाठीची राखीव रक्कम) वेगळी धरावी लागते. खर्च वाढला की आधी ती संपते, मगच बाँड कंपनी पैसे घालते. तिचे पैसे बँक आणि गुंतवणूकदारांनंतर, पण निर्मात्याच्या नफ्याआधी वसूल होतात. करार करताना हे कलम नीट वाचावं.

फीचं खरं चीज होतं ते देखरेखीत. सही होण्याआधी पटकथा, शेड्यूल आणि बजेट ओळीओळीने तपासलं जातं. पाण्यातले प्रसंग, लहान मुलं, रात्रीचं शूटिंग यांवर कसून विचारणा होते. शूटिंग सुरू झालं की रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट आणि आठवड्याचा कॉस्ट रिपोर्ट जातो.

हमखास चूक या कॉस्ट रिपोर्टमध्येच होते. समजा, सेटचं बजेट १००, खर्च झाला ६०. अकाउंटंट वजाबाकी करून ‘अजून लागणारा खर्च’ या रकान्यात ४० लिहितो आणि फरक शून्य दिसतो. प्रत्यक्षात सुताराचं आणि रंगाचं मिळून ७० चं काम बाकी असतं. हा आकडा दर आठवड्याला कलादिग्दर्शकाला विचारून भरायचा असतो, वजाबाकीने नाही. चांगली बाँड कंपनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ही गफलत पकडते. केवळ एवढ्यासाठीही फी देणं परवडतं.

बाँडमध्ये काय येत नाही, तेही पाहा. चित्रपटाचा दर्जा आणि त्याची कमाई यांची हमी नसते. मागाहून वाढवलेले प्रसंग आणि कथेच्या हक्कांतले दोष बाहेर राहतात. मुख्य कलाकार आजारी पडला तर त्यासाठी विमा वेगळा. परिस्थिती हाताबाहेर गेली तर निर्मितीचा ताबा घेण्याचा हक्क मात्र कंपनीकडे असतो. तो क्वचितच वापरला जातो, पण दिग्दर्शकाला हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं.

स्वतःच्या पैशांतून छोटा चित्रपट करत असाल तर ही सेवा घेऊ नका. चोख लाइन प्रोड्यूसर (निर्मितीचं रोजचं काम आणि खर्च सांभाळणारा) आणि अकाउंटंट यांवर तोच पैसा खर्च करा. बँकेचं कर्ज असेल तर मात्र बहुतेक वेळा याला पर्याय नसतो.

तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. ठरलेली पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय बाँड लागू होत नाही. शेवटच्या गुंतवणूकदाराचा हप्ता रखडलेला असताना सेट बांधायला घेतला तर ती जोखीम सर्वस्वी तुमची. दुसरं म्हणजे वितरकाच्या करारातली डिलिव्हरी लिस्ट (त्याच्या ताब्यात काय काय द्यायचं त्याची यादी) आणि बाँडमधली लिस्ट शेजारी ठेवून ताडून पाहा. संगीत आणि ध्वनिपरिणामांचा संवादांविना ट्रॅक वितरकाने मागितला असेल आणि बाँडच्या यादीत तो नसेल, तर त्याचा खर्च तुमच्याच माथी येतो.