दोन दिवसांत छोटा गेम: पझलस्क्रिप्ट, पिको-८ की टिक-८०?

पझलस्क्रिप्ट, पिको-८ आणि टिक-८० ही छोटे गेम बनवायची तीन साधनं. गेम सोकोबान या पेट्या ढकलायच्या कोड्याच्या जातीचा असेल, म्हणजे चौकटी, ढकलाढकली आणि एका वेळी एकच चाल, तर फार विचार नको, पझलस्क्रिप्ट घ्या. स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ साली आणलेली ही भाषा ब्राउझरमध्येच चालते. कोड म्हणजे नुसते नियम. फक्त समजण्यासाठी नावं मराठीत लिहिली, तर पेटी ढकलण्याचा अख्खा नियम असा दिसतो (एकटं > म्हणजे 'चालीच्या दिशेने'):

[ > खेळाडू | पेटी ] -> [ > खेळाडू | > पेटी ]

चाल मागे घेण्याची सोय आयती मिळते. स्वतः लिहायला गेलं तर तेवढ्यातच एक संध्याकाळ जाते! नवखे अडकतात ते टकरीच्या थरांत. पेटी आणि तिची जागा दाखवणारी खूण एकाच थरात टाकली, तर पेटी खुणेवर कधीच चढत नाही, कारण एका थरातल्या दोन वस्तू एका घरात राहू शकत नाहीत. दुसरी नेहमीची चूक: काट्यांवर पाय पडला का, हे 'लेट' नियमात, म्हणजे हालचाल झाल्यावर चालणाऱ्या नियमात, न तपासणं. साधे नियम हालचाल होण्याआधी चालतात, त्यामुळे खेळाडू एक चाल उशिरा मरतो. गुण किंवा वेग मोजायचा असेल तर मात्र इथे थांबूच नका, आकडे साठवणारे व्हेरिएबलच नाहीत.

उड्या, गोळ्या, धावपळ हवी असेल तर खरी निवड पिको-८ आणि टिक-८० यांच्यात आहे. दोन्हींत कोड, चित्रं, नकाशा आणि आवाज यांचे एडिटर एकाच खिडकीत असतात.

पिको-८ ची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. स्क्रीन १२८ × १२८ पिक्सेल, रंग १६, भाषा म्हणजे लुआ या प्रोग्रामिंग भाषेची छाटलेली आवृत्ती, कोडला ८,१९२ टोकनची (म्हणजे कोडमधल्या नाव, आकडा, चिन्ह अशा सुट्या तुकड्यांची) मर्यादा. व्हेरिएबलचं नाव लांब असो वा आखूड, टोकन एकच पडतं. तेव्हा नावं आखूड करून टोकन वाचत नाहीत. आमच्या मते ही चणचण हाच त्याचा गुण आहे, गेम फुगतच नाही. पण आकडा ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटून ऋण होतो. दोन वस्तूंमधलं अंतर काढताना त्यांच्या जागांतल्या फरकाचा वर्ग करतात. फरक १८२ झाला की तो ३३,१२४, म्हणजे मर्यादेबाहेर. मग लांबचा शत्रू अचानक जवळ असल्यासारखा वागतो. आधी फरकाला १६ ने भागा, मग वर्ग करा. शिवाय नकाशाचा खालचा अर्धा भाग आणि शेवटची १२८ चित्रं एकाच मेमरीत असतात. एक रंगवलं की दुसरं बिघडतं.

टिक-८० मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. स्क्रीन २४० × १३६, टोकनची भानगड नाही, आणि लुआ नको असेल तर जावास्क्रिप्टही चालते. फक्त कोडच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये भाषेचं नाव हवं. ते विसरलं की कोड लुआ समजून वाचला जातो आणि चुकांचा पाऊस पडतो.

पिको-८ चा कोड इकडे जसाच्या तसा चिकटवू नका. तिकडे बटण ० म्हणजे डावीकडे, इकडे वर. तिकडे साइनला पूर्ण फेरी १ धरून कोन द्यायचा आणि उत्तराचं चिन्ह उलटं येतं. इकडे कोन मोजायला नेहमीचे रेडियन. 'अधिक-बरोबर' (+=) हे जोडचिन्हही टिक-८० च्या लुआत चालत नाही.