पहिलं क्रेडिट कार्ड: ठेवीवरचं की आईबाबांच्या खात्यावरचं?

नुकतं कमवायला लागलेल्या मुलामुलींसमोर साधारण दोन वाटा असतात: बँकेत ठेव ठेवून तिच्या तारणावर स्वतःच्या नावाचं कार्ड घेणं, नाहीतर आईबाबांच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्यांच्याच खात्याला जोडलेलं जादा कार्ड, घेणं.

ॲड-ऑन पटकन मिळतं आणि ठेवीचे पैसेही अडकत नाहीत. पण बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते आणि त्या व्यवहारांची नोंद मुलांच्या नावावर होईलच असं नाही. हे बँकेला आधीच विचारून घ्या.

ठेवीवरच्या कार्डाची मर्यादा ठेवीच्या रकमेवर ठरते. बिल आपल्या नावावर, तारीख आपली, हप्ता चुकला तर डागही आपल्याच नावाला. म्हणूनच मला हे कार्ड जास्त पटतं. फायको स्कोअरमध्ये, म्हणजे कर्ज फेडण्याची पत मोजणाऱ्या, मुख्यतः अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आकड्यात, परतफेडीच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के आणि देणं असलेल्या रकमांना सुमारे ३० टक्के वजन असतं. त्यामुळे महिन्याचा एखादा ठरलेला खर्च कार्डावर टाकायचा आणि पूर्ण बिल मुदतीत भरायचं, एवढ्यानेही चांगला पाया तयार होतो. ‘किमान देय रक्कम’ भरून मात्र समाधान मानू नका. तिने विलंब शुल्क टळतं, उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं.

मूल शाळेत असेल तर दोन्ही कार्डं नकोत. त्याला हव्या असलेल्या सायकलसाठी काही पैसे उसने द्या, हप्ते त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. हप्ता चुकला तर रागावू नका, पण माफही करू नका; पुढची तारीख त्यालाच ठरवू द्या.