'रिले ॲक्सेस डिनाइड': आयपीला मोकळीक द्यावी की लॉगिन मागावं?

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये '५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड' (मेल पुढे पाठवायला, म्हणजे रिले करायला, नकार) दिसलं की आधी कुणाला पाठवलेली मेल अडली ते बघा. पत्ता तुमच्याच डोमेनचा असेल तर खालचे दोन्ही उपाय गैरलागू आहेत. ते डोमेन आपलं आहे हेच सर्व्हरला सांगायचं राहून गेलंय. पत्ता बाहेरचा असेल, तर पाठवणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा हे सर्व्हरला कळलेलं नाही. ते कळवायचे मार्ग दोन.

पहिला, पाठवणाऱ्याचा आयपी 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत, टाकणं. एक ओळ, रीलोड, संपलं. जुना स्कॅनर किंवा लॉगिन न जमणारं एखादं यंत्र यांच्यासाठी हेच बरं. पण त्या आयपीमागे जो कोणी असेल त्याला मुभा मिळते. ऑफिसातल्या एका पीसीत व्हायरस शिरला तर स्पॅमही बिनबोभाट जाईल, आणि लॉगमध्ये सगळ्यांचा पत्ता एकच. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो, म्हणून लोक अख्खी रेंज टाकून मोकळे होतात. ते तर करूच नका. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) वापरत असाल तर आणखी जपा. काही मांडण्यांत बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन १७२.१७.०.१ वरून आल्यासारखं दिसतं. तो पत्ता यादीत असला की सर्व्हर साऱ्या जगाला खुला.

दुसरा मार्ग ५८७ पोर्टवर टीएलएससह (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवर) लॉगिन. लॉगिन तपासणाऱ्या डव्हकॉटशी जोडणी, सर्टिफिकेट, सॉकेटचा (दोन्ही प्रोग्राम जिथून बोलतात त्या फाइलचा) पाथ असा खटाटोप आहे, आणि पहिला दिवस बहुधा सॉकेटच्या परवानग्यांतच जातो. पण कोणी पाठवलं ते लॉगमध्ये नावानिशी येतं, आणि एखाद्याचा पासवर्ड फुटला तर तेवढंच खातं बंद करता येतं. पासवर्डवर बाहेरून सतत मारा होतो, त्यामुळे सतत चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारं फेल2बॅनसारखं काहीतरी लावावंच लागतं.

लॉगिन होऊनही मेल अडते तेव्हा बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. नियम डावीकडून उजवीकडे तपासले जातात आणि पहिला ठोस निकाल लागला की त्या यादीपुरती तपासणी थांबते. ब्लॉकलिस्टची (ज्यांची मेल घेऊ नये अशा आयपींच्या यादीची) तपासणी 'परमिट सासल ऑथेंटिकेटेड'च्या (लॉगिन केलेल्याला मुभा देणाऱ्या नियमाच्या) आधी असेल तर मोबाइलवरून पाठवणारा बिचारा लॉगिन करूनही बाहेरच, कारण मोबाइल कंपन्यांचे आयपी अशा याद्यांत सर्रास असतात. पोस्टफिक्सच्या २.१० आवृत्तीपासून रिलेचे नियम स्पॅमच्या नियमांपासून वेगळे लिहिता येतात; जुनी सेटिंग्जची फाइल पुढे ओढत आणली असेल तर तेवढी विभागणी आधी करून घ्या.

माझं मत विचाराल तर माणसांना लॉगिन, यंत्रांना आयपी, आणि तोही एकेक पत्ता लिहून. नवा अडवणारा नियम घालताना त्याआधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' लावा: मेल अडत नाही, कोणती अडली असती ते मात्र लॉगमध्ये दिसतं. आणि रिलेची चाचणी बाहेरच्या नेटवर्कवरूनच करा. ऑफिसात बसून केलीत तर मायनेटवर्क्समुळे ती पासच होणार.